गुळगुळीत

नवमीच्या सकाळी बाबांनी गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून अंगठा फिरवला, एकदा खाली, एकदा वर, आणि म्हणाले, "छान, गुळगुळीत झालंय की." मग काठी टेकत जाऊन परत ओट्यावरच्या आपल्या खुर्चीत बसले. मी ओली चिंधी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ते गुळगुळीत नव्हतं. चांगलं खरखरीत होतं, मांजराच्या जिभेसारखं, वर काळे ओघळ पडलेले, आणि ते तसं अर्ध्या तासापूर्वी मीच करून ठेवलं होतं, बाथरूमच्या फरशा घासायचं ॲसिड लावून. मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. बाबांच्या गाडीला बाबांना न विचारता असलं काहीतरी लावायचं आणि वर त्यांनी छान म्हणायचं, हे आमच्या घरात आजवर झालेलं नाही. बोलणी बसली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ते छान म्हणाले, आणि ते छान मला पुढचे पंधरा दिवस, बँकेत काउंटरवर बसलेली असताना, पोळ्या लाटताना, रात्री कूस बदलताना, चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

गाडी २००२ ची, दीडशे सीसीची. त्याआधी तीन वर्षं, १९९९ मध्ये, हीरो होंडाची सीबीझेड आली होती आणि तिचा पुढचा डिस्क ब्रेक बघायला लोक रस्त्यात वाकून उभे राहायचे. बाबाही राहिले होते, इथे इंदूरला राजवाड्यापाशी, मी सोबत होते. चाकाबाहेर उघडी चकती, तिला चिमटीत धरणारा कॅलिपर, सगळं डोळ्यांसमोर, हे त्यांना फार आवडलं होतं. जुना ड्रम ब्रेक म्हणजे झाकण ठेवलेली कढई, आत काय शिजतंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, असं म्हणायचे. म्हणून मग आपली घेतली तेव्हा डिस्कवालीच घेतली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती रामबागेतल्या घराच्या बोळात ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. दादा पुण्याला, मी दोन गल्ल्या सोडून राहते पण माझी स्कूटी आहे, आणि बाबांचे पाय शुगरने बिघडले. यंदा माझा मुलगा अठराचा झाला, लायसन्स आलं, आणि चालवीन तर आजोबांचीच गाडी म्हणून हट्ट धरून बसला. दसऱ्याला पूजा करून काढायची असं ठरलं. ताडपत्री काढली तर बाकी गाडी धुळीने भरलेली एवढंच, पण पुढच्या चाकाचा कॅलिपर बघवेना. जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, पांढरा, पिठूळ, तसा त्याला लागला होता. मूळचा हलका सोनेरी रंग फक्त कडांना शिल्लक, मध्ये तपकिरी डाग, बोल्टांना गंज. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालायचा तो या असल्या चाकापुढे घालायचा का, असं वाटलं. आणि हाताशी ती निळी बाटली होती.

ब्रशने लावलं मात्र, फसफसलं. नुसतं फसफसलं नाही, वाफ आली, उग्र वास नाकात गेला, मी मागे सरले. कॅलिपरला हात लावला तर तो चक्क कोमट झाला होता. क्षणभर आनंदच झाला, वाटलं घाण निघतेय. घाण नव्हती निघत, धातू निघत होता. पाणी मारमारून धुतलं तेव्हा सोनेरी रंग पूर्ण गेलेला, खाली राखाडी, मळकट, आणि बोटाने पुसलं तर बोट काळं. परत पुसलं तर परत काळं. काजळ निघावं तसं निघतच राहिलं.

हे का होतं ते नंतर शांतपणे शोधलं. ॲल्युमिनियम हवेत आला की स्वतःवर एक पातळ साय धरतो, दुधासारखी, आणि ती साय त्याला आतून गंजू देत नाही. कारखान्यात विजेच्या प्रवाहाने हीच साय मुद्दाम जाड करतात, तिच्यात रंग भरतात, ते ॲनोडायझिंग. फरशीच्या ॲसिडला आणि कॉस्टिक सोड्याला, दोघांनाही, ही साय खाता येते. साय गेली की उघडा धातू खायला लागतात, हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, तेच ते फसफसणं. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेलं असतं, ते ॲसिडला दाद देत नाही, मागे उरतं, आणि तेच काळं होऊन बोटाला लागतं. म्हणजे मी डाग काढला नव्हता, डागाच्या खालची जमीन उकरली होती. आणि एकदा ती कारखान्यातली जाड, रंगीत साय गेली की घासूनपुसून परत येत नाही. चमक आणता येते, रंग मारता येतो, पण तो पहिला सोनेरी गेला तो गेला.

सगळ्यात जास्त लागलं ते हे की मला हे माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगचं, आणि बोरिंगच्या जड पाण्याने कुकर आतून काळा पडतो. म्हणून आई कुकरच्या तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकते, तिच्या आईपासून चालत आलेलं. तांब्या-पितळेला चिंच, लोखंडी तव्याला राख, आणि कुकरला मात्र फक्त साबण आणि लिंबाची फोड, सोड्याने घासायचा नाही, काळा पडतो, हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलंय. स्वयंपाकघरात जे हातांना पाठ होतं ते बोळात गाडीपुढे बसले तेव्हा आठवलंच नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश आणि दोन संध्याकाळी, एवढ्यात त्यातला निम्मा-अधिक लोणा निघाला असता. डाग राहिले असते थोडे. राहू द्यायचे होते.

बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते, आणि त्यानंतर त्यांनी काय काय केलं तो वेगळा विषय आहे, पण खंडेनवमीला त्यांची पूजा कधी चुकली नाही. जमिनीवर नई दुनियाचा जुना अंक अंथरायचा, त्यावर पाने ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत, मग पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, कानस, हातोडी, फीलर गेज, आणि सगळ्यांना हळदीकुंकू. पूजेआधी प्रत्येक पाना रॉकेलने धुऊन पुसायचा. ते काम माझं आणि दादाचं. पुसून झालं की बाबा एकेक पाना हातात घेऊन बघायचे, म्हणजे बघायचे नाहीतच, नजर भलतीकडे, आणि अंगठा पान्याच्या जबड्यातून फिरायचा. कुठे बुर आला असेल, कुठे झिजला असेल, ते अंगठ्याला कळायचं. डोळा फसतो, असं ते म्हणायचे, उजेड इकडचा तिकडे झाला की डोळ्याला भलतंच दिसतं. आणि अगदी बारीक काही शोधायचं असेल तर अंगठाही नाही, नख. नखाचं टोक धातूवरून आडवं ओढायचं. केसाएवढी चीर असली तरी नख तिथे टचकन अडतं. मला ते टचकन फार आवडायचं. ते ऐकू यायचं नाही, पण बाबांच्या चेहऱ्यावर दिसायचं, भुवई किंचित उचलायची.

त्यांच्याकडे आधी राजदूत होती. तिचे ड्रम ते दर दिवाळीआधी उघडायचे. चाक काढलं की आत काळीकरडी पूड भरलेली असायची आणि आम्ही दोघं पोरं वाकून बघायला गेलो की ओरडायचे, "फुंकू नका!" दुसरे मेकॅनिक तोंडाने फूऽ करून उडवायचे ती पूड, बाबा ओल्या फडक्याने पुसून फडकं कागदात गुंडाळून टाकायचे. त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं, हे मला मोठेपणी समजलं. त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, मिलमध्ये कापसाच्या धुळीने खोकणारे लोक त्यांनी बघितले होते, त्यावरूनच असेल. मग लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली असायची ती रेगमालने, म्हणजे सँडपेपरने, घालवायची. हे मला लहानपणी पटायचं नाही. सगळ्या वस्तू घासून चमकवायच्या आणि हीच एक घासून खरखरीत करायची? बाबा म्हणायचे, चमकलं की पकडत नाही.

भेरू घाट आठवतो. १९८६ च्या आसपासची गोष्ट, श्रावणात ओंकारेश्वरला निघालो होतो, मी टाकीवर, आई मागे, मध्ये दादा. सिमरोल सुटलं की रस्ता माळव्याच्या पठारावरून खाली नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरायला लागतो, वळणामागे वळण, समोरून ट्रक. टू-स्ट्रोक गाडीला इंजिनाचा अडसर तसाही कमीच, सगळा भार ब्रेकवर. मी टाकीवर असल्याने हँडलवरची बाबांची बोटं अगदी माझ्या तोंडापुढे होती. ती लिव्हर दाबत होती, सोडत होती, दाबत होती, आणि मला दिसत होतं की दर वेळी लिव्हर थोडी जास्त आत जातेय. ड्रम तापला की फुगतो, आतल्या ब्रेक-शूपासून लांब सरकतो, म्हणून लिव्हरला जास्त यावं लागतं, हे आज माहीत आहे. तेव्हा फक्त एवढं कळलं की बाबा एकदम गप्प झाले आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. आम्हाला सागाच्या झाडाखाली बसवलं. दादा पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला धावला, त्याला तिथल्या तिथे धरला. तापल्या ड्रमवर पाणी नाही टाकायचं, तडा जाईल. अर्धा तास आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात बसलो आणि बाबा मधूनच ड्रमजवळ हात नेऊन, न टेकवता, तळव्याने ऊब बघायचे. आई पोळीचा तवा तापला का ते बघते तसं.

तो तळवा.

दसऱ्याला पूजा झाली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मुलाने फोटो काढले. काळवंडलेला कॅलिपर हाराच्या मागे अर्धा झाकला गेला. पण गाडी काही मी काढू दिली नाही, कारण पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं तर पाव फेऱ्यात थांबत होतं. ब्रेक दाबलेला नसताना धरलेलाच होता. मुलगा म्हणाला चालवली की मोकळा होईल. पटनीपुऱ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये नेऊन दाखवलं तर तिथला मुलगा नीट बोलला, पण म्हणाला, "मॅडम, पूरा नया डलवा लो, आजकल खोलता कौन है." त्याचं चुकलं असं नाही म्हणणार, त्याच्यापुढे पाच गाड्या उभ्या होत्या. मला मात्र ते नवीन टाकून जुनं भंगारात देणं जमेना. बाहेरून मी त्याचं जे केलं होतं त्यानंतर निदान आतून तरी ते नीट उघडून बघावं असं वाटत होतं.

मग रविवार, ओट्यासमोर बोळात, जुनी चादर अंथरून. बाबा खुर्चीत, मी आणि मुलगा खाली. दोन बोल्ट काढले की कॅलिपर काट्यावरून सुटतो, पण नळी लगेच काढायची नाही, हे बाबांनी आधीच सांगितलं. आधी पॅड काढून लिव्हर हळूहळू पंप करायची, म्हणजे तेलाच्या दाबानेच पिस्टन, पॅडला चकतीवर ढकलणारे दट्टे, बाहेर येतात. नळी आधी सोडली तर मग जाम झालेला पिस्टन ओढायला पकड लावावी लागते, आणि पकड लागली की पिस्टनचा निकाल. दोन पिस्टन होते. एक निमूटपणे सरकत आला. दुसरा हलेना. मग आलेल्याला लाकडी पट्टीने दाबून धरलं आणि परत पंप केलं तेव्हा दुसरा कुरकुरत, मिलिमीटर मिलिमीटर करत आला. डब्यातलं ब्रेक ऑइल बघून तर मला कसंतरीच झालं. नवीन असतं तेव्हा पातळ मधासारखं असतं, हे उकळून उकळून आटवलेल्या काढ्यासारखं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठाच्या बरणीसारखं. कोरं डॉट फोर किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की १५५ वरही उकळू शकतं, आणि उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे लिव्हर नुसती आत जाते आणि गाडी जात राहते. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. आमचं कधीपासून बदललं नव्हतं ते मी बोटांवर मोजलं आणि मोजून मुलाकडे बघितलं, जो ही गाडी 'चालवली की मोकळी होईल' म्हणत होता. ते तेल टाकीवर सांडलं असतं तर रंगही उतरला असता, म्हणून शेजारी पाण्याचा मग भरून ठेवला होता. हे तेल पाण्याने लगेच धुतलं जातं, तेवढी एक सोय आहे. काढलेलं सगळं बाटलीत भरून बूच लावलं. सकाळी कचरागाडी येते तिच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात दिलं, गटारात नाही. शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येतंय ते काही आपोआप येत नाही.

पिस्टन आला तेव्हा मुलाने उत्साहाने बाटली पुढे केली, पेट्रोल, धुवायला. आणि खुर्चीतून आवाज आला, "पेट्रोल नको!" इतका खणखणीत की मुलगा दचकला. कितीतरी दिवसांनी ऐकला तो आवाज. सीलच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस, काही चालत नाही, फुगतं ते आणि मग पिस्टनला आवळून बसतं. मी दवा बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं होतं, त्याने धुतलं. मग आतलं सील काढलं, लाकडी टूथपिकने, म्हणजे खाचेला ओरखडा नको. आणि सील निघाल्यावर जे दिसलं त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल.

सील म्हणजे चौकोनी काठाची एक रबरी बांगडी, कॅलिपरच्या आतल्या खाचेत बसणारी. मला वाटायचं तिचं काम फक्त तेल अडवणं. पण डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे जातो, आणि त्याला चिकटून असलेली ही बांगडी तेवढीच पुढे वाकते, पिळली जाते. लिव्हर सोडली की बांगडी आपल्या जागी येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे घेते. केसभरच, पण तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं. आणि आमच्या कॅलिपरमध्ये त्या बांगडीच्या मागे, खाचेच्या तळाला, तोच लोणा साचला होता. पांढरा, कडक, साखरेच्या पाकाच्या पापुद्र्यासारखा. त्याने बांगडीला मागून ढकलून पिस्टनवर घट्ट आवळलं होतं, तिला वाकायला जागाच ठेवली नव्हती. मी बाहेरचा डाग अर्ध्या तासात जाळून टाकला, आणि गाडी ज्याने धरून ठेवली होती तो डाग आत, अंधारात, एका दोन-तीन मिलिमीटरच्या खाचेत तसाच होता. तो काढायला मला तीन तास लागले. पितळी तारेचं टोक वाकवून, अल्कोहोलमध्ये बुडवून, बोटाएवढ्या जागेत गोल गोल. एकेक पापुद्रा निघाला की खाली स्वच्छ धातू. कमरेचे दोन तुकडे झाले. पण इतकं समाधान मला गेल्या वर्षात कशाने मिळालं नव्हतं, हेही खरं.

मध्येच आई चहा घेऊन आली. आम्हाला काचेच्या पेल्यात, बाबांना कपात, कानाच्या. बाबा आयुष्यभर पेल्यातून चहा पिणारे. कपातला चहा म्हणजे पाहुण्यांचा, असं म्हणणारे. मी विचारलं, हे कधीपासून? आई बशी ठेवता ठेवता हळू म्हणाली, "आषाढापासून. पेला गरम आहे हे कळत नाही गं त्यांना. बोटं भाजली होती, फोड आल्यावर माझ्या लक्षात आलं." आणि आत निघून गेली, जसं काही दूध आज जास्त पातळ आलं असं सांगावं.

मी हातात कॅलिपर घेऊन बसलेली.

पावसाळ्यात बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं पाय दाखवायला. तिथे एक तपासणी असते, डोळे मिटायला सांगतात आणि नायलॉनचा एक बारीक दोरा, साधारण दहा ग्रॅमच्या जोराने वाकेल असा, तळव्याला टेकवतात आणि विचारतात, कळतंय का? बाबा डोळे मिटून पडले होते आणि दर वेळी म्हणत होते, "हो." अंगठ्याखाली, हो. टाचेला, हो. मग डॉक्टरांनी दोरा उचललाच, हवेत धरला, आणि विचारलं, आता? "हो," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. चप्पल पायातून सुटलेली त्यांना कळत नाही हे मला माहीत होतं. पण ते पायांचं. शुगर आधी पाय धरते, मग हात, हे डॉक्टर म्हणाले होते, मी ऐकलंही होतं, आणि तरी त्या हातांचा आणि या गोष्टीचा काही संबंध आहे असं माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. नवमीला त्यांनी मला वाचवायला छान म्हटलं असेल, की मुलीला सणाच्या दिवशी कशाला बोला, अशी माझी पंधरा दिवस समजूत होती, आणि त्याचं मला ओझं झालं होतं. ते मला वाचवत नव्हते. त्यांना ते खरंच गुळगुळीत लागलं होतं. किंवा काहीच लागलं नव्हतं, आणि काहीच न लागणं म्हणजे गुळगुळीतच ना शेवटी.

कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपार कलली तेव्हा पिस्टन बघायचे राहिले होते. एक स्वच्छ, आरशासारखा. दुसरा, जो कुरकुरत आला होता तो, त्याच्यावर चहाच्या डागासारखा एक पट्टा आणि पट्ट्यात दोन-तीन काळे ठिपके. डाग नुसता वरचा असेल तर पुसून वापरता येतो. क्रोम फुटून खड्डा पडला असेल तर तिथून तेल झिरपणार, तिथे घासून काही उपयोग नाही. मी तो बाबांच्या हातात दिला. सवयीने दिला, विचार न करता, आणि दिल्यावर जीभ चावली. त्यांनी तो डाव्या हातात धरला, उजव्या अंगठ्याचं नख त्यावर टेकवलं आणि ओढलं. भुवई हलली नाही. परत ओढलं. मग थांबले. बोळात कुणीतरी स्कूटर लावत होतं तिकडे बघत बसले थोडा वेळ. मी काही बोलले नाही.

मग त्यांनी माझा हात धरला. हात म्हणजे तर्जनी, बाकीची बोटं मिटवून, पेचकस धरावा तशी. आणि माझं नख पिस्टनवर टेकवून, जोर त्यांचा, सावकाश ओढलं.

"लागतंय काही?"

"नाही."

थोडं फिरवून परत. "आता?"

टचकन अडलं. मी पहिल्यांदाच ते माझ्या नखात अनुभवलं, इतकी वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर बघितलेलं. "हो. इथे."

"केवढं?"

"केसाएवढं. नाही, थोडं जास्त. मिठाचा दाणा बसेल एवढं."

"वरच्या काठापासून किती?"

मी पट्टी लावून सांगितलं, सहा मिलिमीटर. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात पिस्टन आत बसवला, सील कुठे येतं ते मोजलं. "सीलखालीच येतोय. गेला हा. पिस्टन नवीन आण, सीलं दोन्ही नवीन, नळीचे तांब्याचे वॉशरही. जुने परत लावू नकोस."

मी हो म्हणाले आणि हात सोडवायला गेले, तर त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या हाताने चादरीवरचा कॅलिपर उचलून मांडीवर घेतला आणि माझं बोट त्याच्या बाहेरच्या अंगावर ठेवलं, बरोबर तिथे, जिथे मी ॲसिड लावलं होतं.

"आणि हे? हे कसं आहे?"

मुलगा आमच्याकडे बघत होता. आत आई भांडी विसळत होती, त्याचा आवाज येत होता.

"खरखरीत आहे बाबा."

"फार?"

"फार."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीही थांबून वाट बघितली नाही. बोट तसंच हातात धरून त्यांनी ते एकदा खाली, एकदा वर फिरवलं, आणि मुलाला म्हणाले, "चारशेचा सँडपेपर आण रे. आणि मगात पाणी."